सदतीस नंबरची पट्टी

इनोबत स्वतःचा चहाचा प्याला कुलपात ठेवायची. आम्लांच्या बाटल्यांच्या कपाटाला कुलूप नव्हतं, प्याल्याला होतं. मार्गिलानच्या दातांच्या दवाखान्यात मी तिच्याबरोबर एकोणीस वर्षं काढली, पण तिच्या किटलीतला घोटभर चहा मला कधी मिळाला नाही. मला ती आवडत नव्हती. तिला मी आवडत नव्हते. माणूस गेलं की त्याला सद्गुण चिकटवायची लोकांना घाई होते. मी ते करणार नाही. तिला खपलंही नसतं.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जिथं पूर्वी कवळ्यांचं प्लास्टर मळायचे त्या खोलीत तिची प्रयोगशाळा होती. बाई उंच, हाडकुळी, नाक धारदार; आणि ते नाक नुसतं दिसायला नव्हतं. कोण सकाळी कांदा खाऊन आलंय, कोणत्या नर्सनं स्पिरिटच्या बाटलीत पाणी घातलंय, हे ती दारातूनच सांगायची. नर्सा तिला मागून 'शिरका-ओपा' म्हणत. ओपा म्हणजे ताई. शिरका म्हणजे नाकाला झोंबणारं व्हिनेगर. एकदा नव्या डॉक्टरनं तिच्या टेबलावर नमुना ठेवला तर तिनं त्याच्या बोटांकडे बघून विचारलं, "हात धुतलेस की नुसते भिजवलेस?" पोरगा पुन्हा त्या खोलीत गेला नाही. नमुने माझ्या हाती पाठवू लागला.

तिचं लग्न वाजंत्र्यांच्या घरात झालं होतं. नवरा ओलिम करनाय वाजवायचा, तो माणसाहून लांब पितळी कर्णा. धाकटा दीर मदामिन सुरनाय वाजवायचा, ती सनईसारखी. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं चिठ्ठीनं नाही, या दोन वाद्यांच्या आवाजानं पोचतं, त्यामुळे घर नावाजलेलं. सहा वर्षं मूल झालं नाही. सासूनं दर्ग्यावर चिंध्या बांधल्या, हकीम झाले, कबुतराचं रक्त झालं. इनोबत शिकलेली प्रयोगशाळावाली. तिनं नवऱ्याचा नमुना घेतला, स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि संध्याकाळी जेवणाच्या चादरीभोवती सासू-सासरे, दीर, दोन मावश्या बसलेल्या असताना सांगून टाकलं, "दोष माझ्यात नाही. त्याच्यात एकही जिवंत नाही."

पुलावाची परात मध्ये होती. कोणाचा घास उचलला गेला नाही म्हणतात.

महिन्याभरात ती बापाच्या घरी परत. वर्षात ओलिमनं दुसरं लग्न केलं. वरात सरळ रस्त्यानं जायची ती मुद्दाम इनोबतच्या गल्लीच्या तोंडाशी वळवली आणि मदामिननं तिथं उभं राहून, गाल फुगवून, श्वास न तोडता सुरनाय वाजवली. एवढा वेळ की कोंबड्या ओरडायच्या थांबल्या. इनोबत दारात येऊन शेवटपर्यंत ऐकत राहिली. शेजारणींनी विचारलं, ओपा, रडू आलं का? तर म्हणाली, "वरचा सूर चढा लागला होता." दुसरीलाही मूल झालं नाही, पण ते चादरीभोवती सांगायला आता घरात कोणी नव्हतं.

हे सगळं जुनं. शहाऐंशी साली एर्गाश कादिरोविच आमच्याकडे आला. शहरातल्या संस्थेत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला 'दोमला' म्हणायचे, गुरुजी. प्रबंध लिहीत होता. माणूस गोड बोलायचा आणि मला गोड बोलणारे आवडतात, ही माझी खोड आहे. त्याचा विषय खरंच चांगला होता. हिरड्यांचा रोग असलेल्या माणसाचं दाताभोवतीचं हाड झिजतं. एक्स-रे काढला तर किती झिजलं ते दिसतं, पण एक्स-रे म्हणजे गेल्या वर्षीचं वर्तमानपत्र. आज, आत्ता, हाड झिजतंय का थांबलंय, हे त्यात नसतं. दोमला म्हणायचा, ते हिरडीतून झिरपणाऱ्या पाण्यात असतं. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत कागदाची बारीक पट्टी अर्धा मिनिट ठेवायची. तिनं शोषलेल्या थेंबात एक एन्झाइम असतं. हाडाची मोडतोड चालू असली की ते वाढतं. पट्टी नळीत टाकायची, औषध घालायचं, पिवळा रंग येतो. जितका पिवळा, तितकं हाड जळतंय. यंत्र रंग मोजतं, आकडा देतं. आकडा मोठा असला तर दात ठेवण्यात अर्थ नाही, उलट शेजारचं हाड वाचवायला तो लगेच काढावा. बाकी सगळं पुस्तकातलं, हा पुढचा भाग मात्र नव्हता. तो त्याचा स्वतःचा होता.

पट्ट्या मी घ्यायची. प्रत्येकाच्या दोन, एक तपासायला, एक बर्फात राखीव. नळ्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर. आकडे इनोबत काढायची.

पहिल्याच आठवड्यात तिनं दोमलाला अडवलं. "औषध न घातलेली नळी कुठाय? प्रत्येक माणसाची एक कोरी नळी पाहिजे. पट्टीचा स्वतःचा रंग किती, ते कळायला नको?"

"ओपा, एवढासा थेंब. तो दोनदा कसा तपासणार?"

"राखीव आहे ना."

"राखीव राखीवच असू द्या. तुम्ही आकडे काढा, विचार करायला आम्ही आहोत."

"आहात का?" ती म्हणाली आणि नळ्या घेऊन गेली.

मी तेव्हा मध्ये पडले नाही. मला वाटलं, नेहमीचा तिचा खवचटपणा.

नासवाय घेणारे अभ्यासात नकोत, एवढं दोमलानंही ठरवलं होतं. चुना घातलेली ती हिरवी तंबाखू खालच्या ओठाआड धरली की हिरडीचं काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. फॉर्मवर रकाना होता. मी प्रत्येकाला विचारलं. सिगरेटला अर्ध्यांनी हो म्हटलं. नासवायला सगळ्यांनी नाही. सगळ्यांनी! मार्गिलानच्या बाजारात दर दहा पावलांवर हिरवी पिंक दिसते आणि माझ्या फॉर्मवर एकही माणूस नासवाय घेत नव्हता. मी खूष झाले, की चला, लोक सुधारले.

पहिल्या छत्तीस जणांत अकरांचे आकडे फार वर गेले. त्या अकरांचे खालचे पुढचे दात मी काढले. मी, माझ्या हातानं. महिन्यानं शेजारच्या दातापाशी पुन्हा पट्टी घेतली की आकडा खाली. दोमला आलेख दाखवत फिरायचा. इनोबत एकदा आलेखावर वाकली. "मुंडकं उडवलं की डोकेदुखी जाते, तसं आहे हे." तो हसला. त्याला वाटलं थट्टा.

सदतिसावा आला मदामिन, तोच सुरनायवाला.

खालचे पुढचे चार दात हलायला लागले होते. एका लग्नात सुरनाय वाजवताना सूर फाटला आणि वऱ्हाड हसलं, म्हणून आला. बरोबर थोरला भाऊ ओलिम. ताफ्याचा मुख्य तोच. मी एक्स-रे काढला. हाड दोन तृतीयांश शिल्लक. दगडासारखं कीटण बसलेलं. मनात म्हटलं, खरवडून स्वच्छ करू, तारेनं बांधू, वाचतील. त्याला विचारलं, "नासवाय?"

त्याच्याआधी ओलिमच बोलला. "आमच्या ताफ्यात कोणी घेत नाही. बाप जिभेखालच्या गाठीनं गेला. मरताना दोघांकडून शपथ घेतली. घेताना सापडला तर भाऊ असला तरी ताफ्याबाहेर."

"नाही घेत," मदामिन म्हणाला.

मी 'नाही' लिहिलं आणि पट्ट्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी आकडा आला: सगळ्यात मोठा. दोमला माझ्या खोलीत पळत आला. "होसियत, चारही काढायचे. शुक्रवारी."

"एक्स-रे तसं म्हणत नाही."

"एक्स-रे मेलेल्यांचं सांगतो. आकडा जिवंतांचं."

"तो सुरनाय वाजवतो, दोमला. पुढचे दात गेले की ओठ आत जाईल. सुरनायच्या तोंडाची पितळी चकती ओठावर टेकणार कशी? हवा निसटेल. माणूस संपला."

"या चार दातांपायी जबडा गेला तर काय वाजवेल?"

 आकड्याशी भांडता येत नाही, निदान मला तेव्हा यायचं नाही. मदामिनला बोलावून सांगितलं. त्यानं नुसतं विचारलं, "नंतर वाजेल?" मी खोटं बोलत नाही. म्हटलं, नाही.

गुरुवारी प्रयोगशाळेत गेले. इनोबत यंत्राची काच पुसत होती.

"सदतीस नंबर कोणाचा?" तिनं मान वर न करता विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"पट्टीला वास होता."

"मदामिनचा आहे. उद्या चार दात काढतेय."

तिचा हात थांबला. मग पुन्हा पुसू लागली. मी मुद्दाम म्हटलं, "तुला तर साखर वाटावीशी वाटेल."

"नाव मला कालच कळलं. तुमच्या नोंदवहीला कोणी कुलूप लावलंय? काल रात्री छान झोप लागली. त्याचे ते गाल आठवत होते. फुगवून दाखव म्हटलं आता."

"मग?"

"मग आज सकाळी ही काच हातात घेतली." तिनं ती माझ्या डोळ्यांपुढे धरली. तळाशी हिरवट डाग. "धुतली तरी जात नाही. मेल्यानं थुंकून माझी काच हिरवी केलीय आणि तुमचा तो शहाणा तिला हाड म्हणतो. हे पिवळं नाही, होसियत. हे पानाचं हिरवं आहे. त्या यंत्राला दोन्ही सारखंच. आंधळं आहे ते."

"तुला खात्री आहे?"

"खात्री बोलून होत नाही. बस तिथं. हात लावू नकोस कशाला."

तिनं बर्फातली राखीव पट्टी काढली, दोन नळ्यांत अर्धी-अर्धी केली. एक नळी उकळत्या पाण्यात सोडली आणि घड्याळ लावलं. आपल्या प्याल्यात चहा ओतून पिऊ लागली. मला विचारलंही नाही. दहा मिनिटांनी नळी काढून थंड केली, दोन्हींत औषध घातलं. उकळल्यावर एन्झाइम मरतं हे शाळेतलं पोरही जाणतं. मेलेलं एन्झाइम रंग देत नाही. ही नळी कोरी राहायला हवी होती.

दोन्ही नळ्यांचा आकडा जवळजवळ एकच आला. हाडाचा वाटा त्यात चिमूटभर.

"आता?" मी म्हटलं. मला घाम फुटला होता, आणि तो मदामिनसाठी नव्हता. अकरा माणसं डोळ्यांपुढे आली होती.

"आता काय. सांग दोमलाला."

मी संध्याकाळी दोमलाला सांगितलं. तो म्हणाला, पट्टी जुनी, बर्फ वितळला असेल, बाईचा त्या घराशी दावा आहे हे गाव जाणतं. आणि पेशंट स्वतः सांगतोय ना, घेत नाही म्हणून? लेखी आहे.

लेखी होतं. माझ्याच अक्षरात.

शुक्रवारी मदामिन खुर्चीत बसला. दारात ओलिम हाताची घडी घालून उभा. दोमला खिडकीपाशी. मी सुई भरली. तेवढ्यात इनोबत आत आली, हातात लाकडी घोडीवर दोन नळ्या. ओलिमनं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. बारा वर्षांत एका खोलीत पहिल्यांदा.

"हिला कोणी बोलावलं?" दोमला म्हणाला.

"नळ्यांनी." तिनं घोडी माझ्या ट्रेवर ठेवली आणि खुर्चीकडे वळली. "मदामिन. नासवाय घेतोस का?"

"यांगा..." तो पुटपुटला. वहिनीला आम्ही तसं म्हणतो.

"यांगा मेली. प्रश्न विचारलाय."

त्यानं दाराकडे पाहिलं. भावाकडे. मग छताकडे. "नाही घेत."

"बघ, यातली एक नळी उकळलेली आहे. हाडाचा रंग उकळला की मरतो. हा मेला नाही. खरं बोललास तर दात तोंडात राहतील. नाही बोललास तर ही काढेल, हिला काढायची सवय आहे."

"घेत नाही म्हणतोय ना तो!" ओलिम ओरडला. "बाई, तुझी जीभ अजून तशीच आहे. तेव्हा माझ्यावर, आता ह्याच्यावर."

"तेव्हाही खरंच बोलले होते."

ओलिमचे कान लाल झाले. दोमलानं घसा खाकरला. "होसियत, सुरू करा."

आणि मदामिननं तोंड उघडलं. सांगायला नाही. दात काढायला. डोळे गच्च मिटून म्हणाला, "काढा डॉक्टर. काढा."

माझी सुई हातात तशीच. माझ्या लक्षात आलं, की हा माणूस सुरनाय देईल, पोट देईल, पण भावासमोर ते एक 'हो' देणार नाही. आणि त्याक्षणी मला फॉर्मवरचे सगळे 'नाही' कळले.

इनोबत वाकली. काय करतेय ते कळायच्या आत तिनं त्याच्या डाव्या बुटात हात घातला. परक्या पुरुषाच्या बुटात, चारचौघांत! तो किंचाळला, पाय झाडला, तिच्या हनुवटीला टाच लागली. ती सरळ झाली तेव्हा तिच्या मुठीत नासवायची चिमुकली तुंबडी होती, गोंडा लावलेली, वापरून वापरून चकाकणारी. तिनं बूच दातांनी उपटलं आणि तुंबडी माझ्या पांढऱ्या ट्रेवर उलटी केली. हिरवी गोळी-गोळी भुकटी. खोलीभर चुन्याचा आणि कुजक्या पानाचा वास.

 मग ओलिम पुढे आला, भुकटीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "अब्बांचं तोंड तू पुसायचास," तो म्हणाला. "तूच पुसायचास रे." आणि गेला. जिन्यावर त्याचे बूट वाजत राहिले.

मदामिन खुर्चीतून उठला.  "मारलंस मला."

"दात आहेत ना? मोज. असतील सगळे, तर चालू लाग. पुढचा पेशंट बसलाय." हनुवटीतून रक्त येत होतं, तिनं पुसलं नाही.

दोमला आता गोड राहिला नव्हता. "ही माझी तीन वर्षं आहेत! एका सोडलेल्या बाईच्या सूडासाठी..."

"तीन वर्षं तुम्ही तंबाखू मोजलीत, दोमला," ती म्हणाली. "आणि सूड म्हणाल तर घेतला ना. दिसला नाही का तुम्हाला? तो भाऊ गेला जिन्यावरून."

तिनं तो घेतला होता, यात मला शंका नाही. त्या घरची शपथ गावाला माहीत होती, तिलाही. तो बुटात काय लपवतो ते तिनं त्या घरात असतानाच पाहिलं होतं. एकांतात तुंबडी काढायला सांगता आली असती. तिनं ओलिम दारात असतानाच काढली. लोक नंतर मला विचारायचे, तिनं त्याला वाचवलं की बुडवलं? दोन्ही. एकाच हातानं. मला त्यात कोडं दिसत नाही.

मदामिनचे दात मी खरवडले, तारेनं बांधले. चारही टिकले. ताफ्यातून त्याला काढलं; तो ओढ्यापलीकडच्या गावातल्या वाजंत्र्यांत जाऊन मिळाला आणि भावाच्या ताफ्याशी लग्नांच्या सुपाऱ्यांवरून आयुष्यभर भांडत राहिला. नासवाय सुटली का? छे! तुंबडी आता उघड खिशात ठेवायचा, एवढाच फरक. इनोबत समोरून आली की रस्ता ओलांडायचा.

दोमलानं प्रबंध पुरा केला. नासवायचं प्रकरण त्यात नव्हतं, आमच्या दवाखान्याचं नावही नव्हतं, हे एक बरं. इनोबतची बदली दूध तपासणी केंद्रावर झाली. कारण काय, तर पेशंटवर हात टाकला.

जाण्याआधीच्या आठवड्यात तिनं बर्फातल्या राखीव पट्ट्या एकेक करून उकळल्या. मग माझ्या टेबलावर कागद आपटला. "अकरांतले सात. चौघांचं हाड खरंच जळत होतं, तेवढं पाप कमी. या सातांचे तू उगाच उपटलेस. जा, सांग त्यांना."

"सांगून दात परत येणार आहेत?"

"ते त्यांना विचार. मला कशाला विचारतेस? मी काढले का?"

मी दीड महिना गेले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण गेले नाही. ती दर बाजारच्या दिवशी दुधाच्या केंद्रातून फोन करायची, "गेलीस?" आणि उत्तर ऐकून ठेवून द्यायची. शेवटी गेले. तिघांनी दार लावून घेतलं. एकानं शिव्या दिल्या, चांगल्या खणखणीत. दोघांना काही कळलंच नाही, त्यांनी मला रोटी आणि जर्दाळू खाऊ घातले, ते शिव्यांपेक्षा वाईट. सातवा होता तुतीच्या बागांचा जुना राखणदार, अब्दुवली. ओठ आत गेलेला, बोलताना थुंकी उडत होती. सगळं ऐकून म्हणाला, "मग तेव्हा नीट का नाही विचारलंस, पोरी?"

"विचारलं होतं, बाबा. तुम्हीच नाही म्हणालात."

"सून माझा कोट धरून उभी होती! तिच्यासमोर विचारलंस. एक बाई विचारतेय, एक बाई ऐकतेय, आणि मी सांगू की मी ओठात शेण धरतो म्हणून?" त्यानं जमिनीवर हात आपटला. "शिकलीस ना तू? कुठे शिकलीस?"

 तिथून सरळ दुधाच्या केंद्रावर गेले. इनोबत एका गवळणीच्या कॅनमध्ये नळी बुडवून तिच्यावर खेकसत होती. मी अब्दुवलीचं सांगितलं.

"फॉर्म कोणी केला होता?"

"मी."

"मग बदल की! इथं काय उभी राहिलीस?"

मी तो रकानाच काढून टाकला. फाटकावरच्या बुढ्ढ्या पहारेकऱ्याला सांगितलं, पुरुष पेशंट बाकावर बसले की तू गप्पा मारत विचार, नाव लिहू नकोस, घेत असेल तर नंबरापुढे रेघ मार. पहिल्या चाळीस जणांत सव्वीस रेघा आल्या. मी तो कागद घेऊन इनोबतकडे गेले. खरं सांगायचं तर शाबासकीसाठी गेले. पन्नाशीच्या बाईलाही कधी कधी तेवढं हवं असतं.

तिनं कागद नाकाशी धरला.

"कमी आहेत," ती म्हणाली. "पहारेकरी स्वतः घेतो. आपल्या दोस्तांच्या रेघा गाळल्यात मेल्यानं. परत मोज."